आजोबांच्या अल्बममधला अमेरिकन आरमारवाला, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलेलं "कापूस"

जुनीमिल_चाळ
मंडळी जरा मदत पाहिजे. दिवाळीच्या आधी घर आवरायला काढलं तर माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम सापडला. आजोबा इथं सोलापूरच्या मिलमधे जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते, स्पिनिंग खात्यात, शिक्षण सातवी, पण वाचायचा नाद लै आणि तिकिटं जमवायचा त्याहून जास्त, पाळी सुटली की घरी यायच्या आधी रद्दीवाल्याकडं जाऊन जुनी पाकिटं उलटीपालटी करत बसायचे असं आज्जी सांगायची.

तर त्यात अमेरिकेचं एक जांभळं तिकीट आहे, तीन सेंटचं. एका बाजूला गुळगुळीत दाढी केलेला म्हातारा, दुसऱ्या बाजूला भरघोस दाढीवाला, मधे जहाजं. खाली नावं फॅरागट आणि पोर्टर. बाकी सगळ्या तिकिटांखाली आजोबांनी देश आणि साल लिहिलंय, ह्याच्याखाली मात्र पेन्सिलीनं तीनच शब्द आहेत, "मानलेले भाऊ. कापूस."

मोबाईलवर शोधलं तर फॅरागट हा अमेरिकेचा मोठा आरमारी अधिकारी एवढं कळलं, आणि जिकडंतिकडं त्याचं ते टॉर्पेडोचं वाक्य, "टॉर्पेडो गेले खड्ड्यात, पूर्ण वेगानं पुढं". भावाचं काय आणि कापसाचं काय ते काही लागेना. बाबांना विचारलं तर म्हणाले आम्हाला त्या अल्बमला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत, विचारणार कधी. दोन दिवस शोधूलालोय, कुणाला माहिती असेल तर सांगा.

कडक_भाकरी
हिकडं नळाला चार दिवसाआड पाणी येतंय आणि तुम्ही आरमाराचं विचारूलालाव मालक 😄

जुनीमिल_चाळ
पाण्याचा विषय काढायचा नाही ठरलं होतं ना बे.

निवृत्त_मास्तर
कापसाचं मला नक्की सांगता येणार नाही, पण मानलेल्या भावाचं सांगतो, कारण हा माणूस माझ्या आवडीचा आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

डेव्हिड फॅरागटचा जन्म 1801 चा, टेनेसी राज्यात नॉक्सव्हिलजवळ. जन्मनाव डेव्हिड नव्हेच, जेम्स. वडील स्पेनच्या मिनोर्का बेटावरून आलेले दर्यावर्दी, नंतर आरमाराच्या नोकरीत लागले आणि कुटुंब न्यू ऑर्लिन्सला आलं. तिथं 1808 मधे काय झालं, वडील सरोवरात होडी घेऊन गेले होते, तिथं त्यांना एक म्हातारा ऊन लागून होडीत पडलेला दिसला. उचलून घरी आणला. ह्या म्हाताऱ्याचं नाव डेव्हिड पोर्टर. फॅरागटच्या आईनं परक्या माणसाची शुश्रूषा केली, तो काही वाचला नाही, आणि त्याच सुमारास आईसुद्धा पिवळ्या तापानं गेली. एकाच घरातून दोन अंत्ययात्रा. पोरं उघडी पडली. तेव्हा त्या म्हाताऱ्याचा मुलगा, त्याचंही नाव डेव्हिड पोर्टरच आणि तो आरमारात मोठा अधिकारी, तो आला आणि म्हणाला माझ्या बापाला तुम्ही शेवटी सांभाळलंत, तुमचा एक मुलगा मी सांभाळतो. जेम्स त्याच्याबरोबर गेला. पुढं ह्या पालक बापाच्या नावावरून त्यानं स्वतःचं नाव डेव्हिड करून घेतलं. तुमच्या तिकिटावरचा दाढीवाला म्हणजे ह्या पालक बापाचा सख्खा मुलगा, डेव्हिड डिक्सन पोर्टर, 1813 चा जन्म, फॅरागटपेक्षा बारा वर्षांनी लहान. तेव्हा "मानलेले भाऊ" हे तुमच्या आजोबांनी अगदी बरोबर लिहिलंय, सातवी शिकलेल्या माणसानं हे कुठून मिळवलं असेल ह्याचंच मला कौतुक वाटतंय.

आता नोकरीचं ऐका. 1810 च्या डिसेंबरात पोरगा मिडशिपमन म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून भरती, वय वर्षं नऊ. आपल्याकडं नवव्या वर्षी पोरगं चौथीत असतं आणि दप्तर आई उचलते. 1812 ला इंग्रजांशी युद्ध लागलं, त्यात हा पालक बापाच्या एसेक्स जहाजावरून पॅसिफिकमधे गेला. इंग्रजांची देवमासे पकडणारी जहाजं धरायची हे काम. धरलेली जहाजं इतकी झाली की ती चालवायला अधिकारी पुरेनात, तेव्हा बार्कले नावाचं एक जहाज वालपरायसो बंदरात न्यायची जबाबदारी बारा वर्षांच्या फॅरागटवर टाकली. जहाजाचा मूळ कप्तान म्हातारा, खवचट, पोराचा हुकूम ऐकायचा अपमान त्याला सोसेना. तो ओरडला की माझ्या परवानगीशिवाय कुणी दोराला हात लावला तर गोळी घालीन, आणि पिस्तुलं आणायला खाली गेला. पोराची टरकली असणारच, पण त्यानं खलाशांना शीड सोडायला सांगितलं आणि खाली निरोप पाठवला की पिस्तूल घेऊन वर आलात तर पाण्यात जाल. खलाशी पोराच्या बाजूनं राहिले. म्हातारा गप झाला.

1814 मधे एसेक्स इंग्रजांच्या हाती लागलं. कैदी म्हणून हा इंग्रजांच्या जहाजावर गेला तर समोरून एक इंग्रज पोरगा मिडशिपमन ह्यांच्या जहाजावरचं पाळीव डुक्कर काखेत मारून मिरवत येतोय. हा म्हणाला आमचंय ते, तो म्हणाला लुटीचा माल आहे. मग मोठ्यांनी रिंगण केलं, दोघांची मारामारी लावली, आणि फॅरागटनं डुक्कर जिंकून परत घेतलं. युद्ध हरलं, डुक्कर राखलं.

ह्याच्यानंतर मात्र पुढची सत्तेचाळीस वर्षं वाचायला कंटाळवाणी आहेत. वेस्ट इंडीजमधे चाच्यांच्या मागं, भूमध्य समुद्रात फिरणं, 1825 ला लेफ्टनंट, 1841 ला कमांडर, 1855 ला कॅप्टन. कॅलिफोर्नियात मेअर आयलंडला आरमाराची गोदी 1854 मधे त्यानं उभी केली एवढं एक ठोस काम. आपल्याकडच्या सर्व्हिस बुकासारखं आहे सगळं, वेतनवाढ आणि बदली. साठीला आलेला हा कॅप्टन, 1861 उजाडेपर्यंत अमेरिकेत शाळेच्या पुस्तकात यावा असं त्याच्या नावावर काही नव्हतं.

भागवत_टॉकीज
मास्तर, साठीनंतर काय झालं ते तरी सांगा, इंटरव्हलला सोडू नका.

निवृत्त_मास्तर
नातवाला क्लासहून आणायला गेलो होतो.

1861 ला यादवी युद्ध. गुलामी ठेवणारी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली. आता गंमत बघा, फॅरागट जन्मानं दक्षिणेचा, दोन्ही बायका व्हर्जिनियाच्या नॉरफोकमधल्या, पहिली वारल्यावर दुसरी केली, घर तिथंच, शेजारीपाजारी सगळे दक्षिणवाले. व्हर्जिनिया फुटल्याची बातमी आली त्या दिवशी नॉरफोकमधे ओळखीचे अधिकारी जमायचे तिथं ह्यानं सांगितलं की मला हे पटत नाही. तिथले म्हणाले मग इथं राहणं कठीण. हा घरी आला, बायकोला सांगितलं, त्याच दिवशी सामान बांधून उत्तरेला निघाला. न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठच्या एका गावात भाड्यानं राहिला.

आणि उत्तरेनं काय केलं, तर विश्वासच ठेवला नाही. दक्षिणेचा माणूस, बायको दक्षिणेची, कोण जाणे. कित्येक महिने एका कमिटीवर बसवून ठेवला, काम काय, तर म्हाताऱ्या अधिकाऱ्यांना पेन्शनीत काढायचं. शेवटी न्यू ऑर्लिन्स घ्यायचं ठरलं आणि मोहिमेला माणूस शोधायला लागले, तेव्हा गुपचूप चाचपणी करायला खात्यानं पाठवलं कुणाला, तर डेव्हिड डिक्सन पोर्टरला. धाकट्या भावानं थोरल्याला विचारलं, थोरला उडी मारून तयार झाला. 1862 च्या जानेवारीत नेमणूक, हार्टफोर्ड हे त्याचं मुख्य जहाज.

तुमच्या तिकिटावर ते दोघं एकत्र का आहेत त्याचं हे एक कारण. न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत फॅरागटच्या हाताखाली पोर्टरची तोफांची गलबतं होती.

हुतात्मा_एक्सप्रेस
मी सध्या वॉशिंग्टनला असतो, मूळचा विजापूर रोडचा. रोज फॅरागट वेस्ट नावाच्या मेट्रो स्टेशनला उतरतो, थोडं पलीकडं फॅरागट नॉर्थ पण आहे. मधल्या चौकात ह्याचा पुतळा, 1881 चा, हार्टफोर्ड जहाजाचा पंखा वितळवून त्याच्या ब्राँझमधून ओतलेला. पाच वर्षं त्याच्याखाली बसून डबा खातोय, कोण आहे ते आज सोलापूरच्या धाग्यावर कळलं. कबुतरं लै बसतात डोक्यावर.

रुईगाठ
कापसाचा भाग मी सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्या जिनिंगचा धंदा होता.

तेव्हा इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्या चालायच्या त्या अमेरिकेच्या कापसावर, सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या त्या दक्षिणेकडच्या राज्यांतून, मिसिसिपी नदीनं खाली न्यू ऑर्लिन्सला आणि तिथून लिव्हरपूलला. कापसाचं सगळ्यात मोठं बंदर न्यू ऑर्लिन्स. लिंकननं 1861 च्या एप्रिलमधे दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि फॅरागटनं पुढच्या एप्रिलमधे ते बंदरच घेतलं. तिकडचा कापूस बंद पडल्यावर लँकेशायरवाले आपल्याकडं धावत आले, मुंबईत रुईचा भाव भडकला, जो तो व्यापारी झाला. तुमच्या आजोबांना हेच म्हणायचं असणार. ह्या माणसानं बंदर घेतलं आणि आपल्या कापसाला सोनं लागलं.

बोरामणी_माळ
मालक, थोडं दुरुस्त करतो, राग मानू नका. फॅरागटमुळं कापूस बंद झाला हे अर्धंच खरं आहे. सुरुवातीला दक्षिणेतल्या लोकांनी आपणहूनच कापूस अडवून धरला होता, हिशोब असा की कापूस मिळाला नाही की इंग्लंड रडत येऊन आपल्या बाजूनं युद्धात उतरेल. इंग्लंडकडं आधीच्या वर्षांचा साठा पडून होता म्हणून लगेच चटका बसला नाही, बसला तो 1862 मधे, आणि मग लँकेशायरचे कामगार उपाशी पडले. शिवाय फॅरागटनं बंदर घेतल्यावर उत्तरेनं ते थोड्याच दिवसांत व्यापाराला खुलं केलं होतं. पण बंदर उघडून उपयोग काय, वरचा नदीकाठ दक्षिणवाल्यांकडं, कापूस येणार कुठून. विक्सबर्ग आणि पोर्ट हडसन ही त्यांची नदीकाठची ठाणी 1863 च्या जुलैमधे पडली तेव्हा कुठं नदी मोकळी झाली.

रुईगाठ
बरोबर आहे, राग कसला. बंदर खुलं झाल्याचं मला ध्यानात नव्हतं. पण एक सांगतो, फॅरागटची जहाजं 25 एप्रिलला न्यू ऑर्लिन्सला लागली तेव्हा धक्क्यावर कापसाच्या गाठी रचून ठेवलेल्या होत्या आणि शत्रूच्या हाती लागायला नको म्हणून त्यांच्याच लोकांनी त्या पेटवल्या. जळत्या गाठी नदीत ढकलल्या. कापसाच्या गाठीला आग लागली की काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. आमच्या जिनमधे एकदा लागली होती, वरून विझल्यासारखी दिसते, आत दोन दोन दिवस धुमसत राहते, फोडली की परत पेट घेते, आणि त्या धुराचा वास महिनाभर कपड्यातून जात नाही. मी लहान होतो, वडील तीन दिवस जेवले नव्हते. ते धक्क्यावरचं वाचलं की मला तेच आठवतं.

निवृत्त_मास्तर
वा. आता त्या रात्रीचं सांगूनच टाकतो. नदीच्या खालच्या अंगाला दोन किल्ले, जॅक्सन आणि सेंट फिलिप, समोरासमोर, मधे जुन्या गलबतांचे सांगाडे साखळीनं बांधून नदी अडवलेली. 18 एप्रिलपासून पोर्टरच्या गलबतांनी किल्ल्यावर तोफगोळ्यांचा भडिमार केला, दिवसरात्र, पण किल्ला काही वाकेना. फॅरागटचं आधीपासून म्हणणं होतं की किल्ला पडायची वाट बघू नका, रात्री बगलेतून निघून जाऊ. तयारी कशी केली बघा, जहाजाच्या बाहेरून कुशीवर लोखंडी साखळ्या टांगल्या, म्हणजे गोळा लागला तरी इंजिनापर्यंत जाऊ नये. बाहेरून नदीचा चिखल फासला, म्हणजे अंधारात दिसू नये. आणि आत डेकवर पांढरा रंग दिला, म्हणजे दिवा न लावता तोफेवाल्यांना हत्यारं दिसावीत. पोळ्याला बैल रंगवतात तसं जहाज सजवलं म्हणा ना, फक्त उलट्या कारणासाठी.

24 एप्रिलला पहाटे दोनच्या सुमाराला दोन तांबडे कंदील वर चढले, तो इशारा. हार्टफोर्डवर शत्रूनं पेटता तराफा ढकलून आणला, जहाज चुकवायला गेलं ते काठावर रुतलं, एका बाजूनं ज्वाळा डोलकाठीवर चढल्या. तोफा चालू ठेवून आग विझवली आणि मागं घेऊन सुटले. बरीचशी जहाजं पार झाली. मागं राहिलेले किल्ले मग चार दिवसांनी शरण आले.

मला ह्यात एकच गोष्ट टोचते. ज्या गावात त्याची आई पुरलेली होती त्याच गावावर तो तोफा घेऊन गेला. त्याबद्दल त्याला काय वाटलं ते देव जाणे. जुलैमधे त्याला रिअर ॲडमिरल केलं, अमेरिकेत हा हुद्दा मिळालेला पहिला माणूस.

अक्काबाई_भुईंज
मी मधे बोलते. सगळे तेजी तेजी म्हणताय, पण तिकडं तो कापूस वेचणारे गुलाम होते, विकत घेतलेली माणसं, हे पण लिहा ना कुणीतरी. आणि इकडं तेजीत शेतकऱ्याला किती मिळालं आणि अडत्यानं किती खाल्लं ते वेगळंच. माझ्या सासऱ्यांचा पणजा कापूस लावायचा, आमच्या घराण्यात त्या सोन्याचा एक मणी पण शिल्लक नाही.

बोरामणी_माळ
अक्का लाख बोललात. आणि तेजी टिकली किती, 1865 च्या वसंतात दक्षिण शरण आली आणि मुंबईत भाव कोसळले, शेअरबाजारातले भलेभले झोपले, प्रेमचंद रायचंदसारखा माणूस दिवाळ्यात गेला. ज्यानं कर्ज काढून कापूस लावला तो शेतकरी तर त्याच्याआधीच गेला असणार.

सोलापूरचं म्हणाल तर रेल्वे इथं 1860 ला आली, म्हणजे तेजीच्या अगदी तोंडावर, बैलगाडीचा कापूस मुंबईला आगगाडीनं जायला लागला. मिल मात्र 1877 ची, मुरारजी गोकुळदासांची, ज्यांच्या नावानं मुरारजी पेठ. तेजी संपून बारा वर्षं झाल्यावर. तेव्हा फॅरागटमुळं आपली मिल निघाली असं कुणी म्हणू नका, पण कापसाचा हा सगळा रस्ता तयार झाला तो त्या काळात.

भागवत_टॉकीज
आणि टॉर्पेडोचं वाक्य? त्यासाठी तर मी बसलोय.

निवृत्त_मास्तर
5 ऑगस्ट 1864, मोबाईल बे. (फोनचा संबंध नाही, गाव आहे.) तेव्हा टॉर्पेडो म्हणजे आजच्यासारखा पाण्यातून सुटणारा नव्हे, पाण्यात बांधून ठेवलेला सुरुंग. चौदा लाकडी जहाजं, दोन दोन एकमेकांना बांधून, आणि चार चिलखती मॉनिटर. त्यातलं पुढचं टेकमसे नावाचं मॉनिटर सुरुंगावर गेलं आणि मिनिटा दोन मिनिटांत नव्वदच्या वर माणसं घेऊन बुडालं. ते बघून रांगेतलं पुढचं जहाज थबकलं, मागची एकावर एक यायला लागली, बाजूला किल्ल्यावरून तोफा. फॅरागट त्रेसष्ट वर्षांचा, धुरावरून दिसावं म्हणून डोलकाठीच्या दोरांवर चढलेला, पडेल म्हणून खलाशानं दोरीनं बांधलेला. त्यानं हार्टफोर्ड बाजूनं काढून थेट सुरुंगांवरून पुढं घातलं. तळाला सुरुंग घासल्याचे आवाज येत होते म्हणतात, पण बरेच पाण्यात राहून फुसके झाले होते, एकही फुटला नाही. ते वाक्य तसंच्या तसं बोलला का ह्यावर वाद आहे, आज छापतात ते नंतर घासूनपुसून केलेलं. मला विचाराल तर वाक्य सोडा, बांधून घेतलेला म्हातारा लक्षात ठेवा.

1866 ला पूर्ण ॲडमिरल, तेही अमेरिकेत पहिलाच. 1867-68 ला युरोपचा दौरा केला तेव्हा वडिलांच्या मिनोर्का बेटावर जाऊन आला. 1870 च्या ऑगस्टमधे गेला. त्याच्यानंतर ॲडमिरल कोण, तर धाकटा, पोर्टर.

जुनीमिल_चाळ
मास्तर, रुईगाठ, बोरामणी, अक्का, सगळ्यांचे आभार. तुमचं वाचून परत अल्बम काढला आणि आता पूर्ण चाळला. त्याच पानावर खालच्या ओळीत इजिप्तचं एक तिकीट आहे, कापसाचं चित्र असलेलं, त्याच्याखाली पण "कापूस". आणि कोपऱ्यात विलायतचं एक साधं राणीचं तिकीट, त्यावर लिव्हरपूलचा पुसट शिक्का, खाली "कापूस" असंच. म्हणजे आजोबांनी ते पान देशाप्रमाणं लावलंच नव्हतं, कापसाप्रमाणं लावलं होतं. बाकी अख्खा अल्बम देशाप्रमाणं, हे एकच पान असं. पानाच्या मधे एक जागा रिकामी सोडलीय, डिंकाचा डाग पण नाही, नुसती पेन्सिलीची चौकट. खाली लिहिलंय "सोलापूर".

बाबांना दाखवलं. काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले थोडा वेळ.

ट्रंकेत आजोबांची अजून एक वही आहे, मोडीत लिहिलेली, आकडे दिसतात, बहुतेक मिलमधलं काहीतरी आहे. पार्क चौकाच्या आसपास मोडी वाचणारं कुणी असेल तर सांगा, चहा माझ्याकडून.

कडक_भाकरी
मोडी येत नाही पण चहाला येतो. शेंगाचटणी आणू का?

निवृत्त_मास्तर
मला येते. रविवारी सकाळी, दहानंतर. वही कापडात गुंडाळून आणा, पानं मोडतील.